धरणी हलते, पण माणूस भिंतीखाली मरतो

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मंडळींची कल्पना अशी होती की मी नेहमीप्रमाणे कामगार चळवळीवर नाहीतर शिक्षणावर बोलेन. पण मी विषय मागून घेतला. म्हटलं, मी भूकंपावर बोलणार. एकजण हसून म्हणाले, "दादा, लोणी काळभोरला कुठला आलाय भूकंप? इथे हलतं ते टँकर गेला की हलतं." खरं आहे. सोलापूर रस्त्यावरून तेलाचा भरलेला टँकर गेला की आपल्या मांडणीवरची भांडी थरथरतात. पण विषय मागून घ्यायला माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक म्हणजे मध्यंतरी मोबाईलवर निरोप फिरला की अमुक रात्री भूकंप होणार, आणि आपल्या दोन गल्ल्यांतली माणसं पोराबाळांना घेऊन पटांगणात झोपली. दुसरं कारण या विहाराच्या इमारतीशी संबंधित आहे. ते मी शेवटी सांगेन, कारण ते ऐकून काही मंडळी माझ्यावर रागावणार आहेत.

मी शास्त्रज्ञ नाही. गिरणीत साचेखात्यात उभं आयुष्य गेलं. शाळा आठवीपर्यंत. पुढचं जे काही आहे ते ग्रंथालयात बसून, रद्दीतली पुस्तकं वाचून आणि जाणकारांना विचारून मिळवलेलं. तेव्हा जे वाचलं, समजून घेतलं आणि जे या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

३० सप्टेंबर १९९३

तो दिवस आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव विसर्जन आटोपून माणसं उशिरा घरी आली, दमून झोपली. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, पेठ सांगवी, राजेगाव, एकोंडी अशी एकामागून एक गावं बसली. आठ ते दहा हजार माणसं गेली. ५२ गावं इतकी उद्ध्वस्त झाली की ती पुढे नव्या जागी वसवावी लागली.

मी तेव्हा पंचविशीत होतो. मदतीच्या गाड्या आपल्या दारावरूनच, याच सोलापूर रस्त्याने चालल्या होत्या. आम्ही पोरांनी वस्तीतून भाकऱ्या, चादरी, जुनी लुगडी, रॉकेल, जे मिळेल ते गोळा केलं आणि एका ट्रकमधून निघालो. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असं करत पोहोचलो. पाऊस लागला होता. चिखल, वास, आणि सगळीकडे नुसता दगडांचा ढीग. कुठे रस्ता होता, कुठे घर होतं, काही कळत नव्हतं. जवान दगड उपसत होते. एका ठिकाणी दाराची चौकट तशीच उभी होती, कडीसकट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंत नव्हती.

त्या भिंती मी हाताने मोजल्या. दोन हात, अडीच हात जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मध्ये दगडगोटे आणि माती. वर लाकडं टाकून मातीचं जाड माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून आणखी माती. एक म्हातारे गृहस्थ ढिगाऱ्यावर बसले होते. म्हणाले, "भिंत जितकी जाड तितकं घर पक्कं, असं आमच्या बापानं सांगितलं होतं." उन्हाळ्यात घर गार राहतं, चोराचं भय नाही, यासाठी ते पक्कंच होतं. पण जमीन आडवी हलली तेव्हा बाहेरचा थर बाहेर पडला, आतला थर आत पडला आणि वरचं सगळं माळवद झोपलेल्या माणसांच्या छातीवर आलं.

आणि गावकुसाबाहेर गेलो तर काय दिसलं? कुडाची, पत्र्याची घरं बरीचशी उभी होती. पडली तरी अंगावर काय पडणार, कूड आणि पाचट. माणसं त्यातून बाहेर आली.

मी चूक बोललो

आता एक कबुली देतो. तीस वर्षांहून जास्त झाली, पण ती गोष्ट मनातून जात नाही. हे दृश्य पाहून मी सोबतच्या पोरांना म्हणालो, "बघा, वाड्यातले गेले आणि झोपडीतले राहिले. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी आपल्याला गावाबाहेर ठेवलं त्यांना निसर्गानेच धडा दिला." तरुण रक्त होतं. बोलताना बरं वाटलं.

तिथे आपल्याच वस्तीतली एक आजीबाई बसली होती. तिने ते ऐकलं. म्हणाली, "माजी नात त्याच वाड्यात राबत व्हती, बाबा. रातच्याला तितंच निजायची. तिचं काय पाप व्हतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या वाड्यांत धनी झोपले होते, त्यांची तान्ही मुलं झोपली होती आणि त्यांच्या घरी राबणाऱ्या आपल्या लेकीही झोपल्या होत्या. दगडी घरांत राहणारी आपलीही कुटुंबं गाडली गेली. भिंतीने कुणाचा दाखला पाहिला नाही.

परत आल्यावर गिरणीत तेच ऐकलं, फक्त उलट्या बाजूने. कुणी म्हणे गावात पाप वाढलं होतं, कुणी म्हणे विसर्जनाला काहीतरी चुकलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आणि तो एकच बोलतोय. पाप कुणाचं एवढाच फरक.

पुढे वाचनात एक जुना वाद आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. दहा हजारांहून जास्त माणसं मेली. त्यावेळी गांधीजी अस्पृश्यताविरोधी दौऱ्यावर होते. ते जाहीरपणे म्हणाले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या विरोधातलेच होते, गांधीजींना मानणारे होते, तरी त्यांनी याला जाहीर हरकत घेतली. नैसर्गिक घटनेला असं नैतिक कारण चिकटवणं अशास्त्रीय आहे, आणि आपल्या देशातले लोक असं कारण फार लवकर मान्य करतात, ही त्यांची तक्रार होती. गांधीजींनी ती हरकत आपल्या 'हरिजन' पत्रात छापली आणि आपलं म्हणणं सोडलं नाही.

बंधू-भगिनींनो, यात आपली परीक्षा आहे. अस्पृश्यता हे पाप आहे असं कुणी म्हणालं तर आपल्याला ते पटणारच. पण त्या पापाने जमीन हादरली असं म्हटलं तर तेही पटवून घ्यायचं का? ते आपल्या बाजूचं आहे म्हणून? मुंगेर, मुजफ्फरपूरकडे घराखाली मेलेल्यांत अस्पृश्य नव्हते काय? आपल्या सोयीची असली तरी खोटी गोष्ट खोटीच. आज आपण म्हणू की त्यांच्या पापाने भूकंप झाला, तर उद्या ते म्हणतील तुमच्या बाटण्याने झाला. त्यांच्या तोंडाला मग काय उत्तर देणार?

आणि दुसऱ्याच्या ग्रंथात चूक काढायची तर आपलाही ग्रंथ उघडून पाहिला पाहिजे. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणं दिली आहेत. त्यातलं पहिलं असं की पृथ्वी पाण्यावर आहे, पाणी वाऱ्यावर आहे, मोठा वारा सुटला की पाणी हलतं आणि पाणी हललं की पृथ्वी हलते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने निसर्गात कारण शोधलं हे मोठंच. पण आज आपल्याला माहीत आहे की पृथ्वी पाण्यावर तरंगत नाही. ते सुत्तात आहे म्हणून ओढूनताणून खरं ठरवायला गेलो तर केसपुत्तच्या कालामांना जे सांगितलं त्याचाच भंग होईल. ग्रंथात आहे, परंपरेने आलं आहे, एवढ्यावर मानू नका, असं तिथे सांगितलं आहे. कारणाशिवाय कार्य नाही हा विचार घ्यायचा आणि खरं कारण काय ते तपासायचं. भन्तेजींची परवानगी घेऊनच हे बोललो आहे.

मग खरं कारण काय?

दूध तापवून ठेवलं की वर साय धरते. साय घट्ट असते, खालचं दूध हलतं. दुधाला उकळी येऊ लागली की साय फाटते, तिचे तुकडे सरकतात, एक तुकडा दुसऱ्याखाली जातो, कुठे सुरकुती पडून वर येतो. पृथ्वीचं वरचं कवच थोडंफार असंच आहे. ते अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि बरेच लहान तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत प्लेट म्हणतात. त्यांच्याखालचा खडक पोटातल्या उष्णतेने अतिशय तापलेला आहे. तो दुधासारखा पातळ नाही, खडकच आहे. पण डांबराचा गोळा हाताला घट्ट लागतो आणि उन्हात ठेवला की हळूहळू पसरतो, तसा तो खडक लाखो वर्षांच्या हिशेबात सरकतो. त्याच्यावरचे भूपट्टही सरकतात.

हे सगळं कुणी एका दिवसात मान्य केलं नाही. आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडलं की खंडं एकेकाळी जोडलेली होती आणि नंतर दूर गेली. तो हवामानाचा अभ्यासक. भूगर्भवाल्यांनी त्याची टिंगल केली. १९३० साली ग्रीनलँडच्या बर्फात तो वारला तोपर्यंत बहुतेकांनी त्याला मानलं नव्हतं. पुढे समुद्राच्या तळाचा अभ्यास झाला, पुरावे हाती आले आणि १९६० नंतर जगाने मान्य केलं. पुरावा आला की मत बदलायचं, हा विज्ञानाचा धम्म आहे असं मी म्हणतो.

आपला भारत अशाच एका भूपट्टावर आहे. एकेकाळी तो आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. तिथून सुटला, उत्तरेकडे सरकत आला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या भूपट्टाला धडकला. त्या धडकेत जमीन चुरगळून वर आली तो हिमालय. अजूनही आपण दरवर्षी ४ ते ५ सेंटीमीटर उत्तरेकडे रेटतोच आहोत. आपली नखं वाढतात त्याहून थोडा जास्त वेग. कुणाला जाणवत नाही, पण थांबतही नाही.

एवढा मोठा रेटा असला की खडकात ताण साठतो. छडी वाकवत गेलात तर ती वाकत जाते, वाकत जाते, आणि एका क्षणी कडकन मोडते. खडकात जुन्या भेगा असतात. त्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींत अडकून बसलेल्या असतात. ताण अडकणीच्या वर गेला की झटक्यात सरकतात. साठलेली शक्ती लाटांच्या रूपाने सर्व बाजूंना जाते. आधी वेगवान लाट येते, तिचा गडगडाट ऐकू येतो. मागून दुसरी येते, ती जमीन आडवी हलवते. घर पाडणारी लाट मुख्यतः ही मागची.

मग कुणी विचारेल, हिमालय कुठे आणि किल्लारी कुठे? मीही एका इंजिनिअर साहेबांना हेच विचारलं होतं. त्यांनी खाटेचा दाखला दिला. खाट भिंतीला टेकवून दुसऱ्या टोकाने रेटली, तर भिंतीजवळ तर आवाज होतोच, पण मधला एखादा जुना खिळखिळा सांधाही करकरतो. किल्लारी हा आपल्या भूपट्टाच्या मधला जुना सांधा. आपल्या महाराष्ट्रावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड पसरलेला आहे. किल्लारीला नंतर विंधन घेतलं तेव्हा तो साधारण ३४० मीटर जाड निघाला, आणि त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक. जुन्या खडकातल्या भेगा वरून दिसत नाहीत. म्हणूनच त्यावेळच्या सरकारी नकाशात तो भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात धरला होता. खरं तर १९९२ च्या पावसाळ्यापासून तिथे लहान लहान धक्के बसत होते. माणसं काही दिवस बाहेर झोपली. मग धक्के कमी झाले, माणसं पुन्हा आत झोपू लागली.

कोयनेचं पाणी

आपल्याला जवळचा भूकंप म्हणजे कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगर इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तो धक्का पुण्या-मुंबईतही जाणवला होता. दोनशेच्या जवळपास माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. पुढे ते आणखी मजबूत करण्यात आलं.

तिथे कारणात एक नवी गोष्ट आहे. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि त्यानंतर धक्के सुरू झाले. पाण्याचं वजन आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब. अडकून बसलेली भेग त्या दाबाने सैल होते. घट्ट बसलेल्या बोल्टवर तेल सोडलं की तो सुटतो तसं समजा. ताण निसर्गाचा, पण सुटायला निमित्त माणसाने केलेल्या कामाचं. जगातले अभ्यासक आज कोयनेचं उदाहरण देतात. तिथे अजूनही लहानमोठे धक्के बसतात आणि गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन शास्त्रज्ञांनी थेट त्या खडकाची तपासणी केली आहे. धरण बांधू नये असं मी म्हणत नाही. कारण माहीत झालं तर त्याप्रमाणे बांधता येतं, एवढाच मुद्दा.

भूकंप किती मोठा, त्यापेक्षा घर कसं

आता आकडे बघा, कारण इथेच खरी मेख आहे. रिश्टर यांनी १९३५ साली भूकंप मोजायची रीत काढली. तिच्यात एका आकड्याने वाढ म्हणजे लाटेची उंची दहापट आणि शक्ती सुमारे ३२ पट. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात ६.७ चा भूकंप झाला. शक्तीच्या हिशेबाने किल्लारीच्या पाचपटीहून जास्त. तोही पहाटे साडेचारला, माणसं झोपेतच. तिथे साठच्या आसपास माणसं गेली. किल्लारीला आठ-दहा हजार.

अमेरिकेतल्या माणसाचं पुण्य जास्त होतं का? त्यांची घरं बहुतेक हलक्या लाकडी सांगाड्याची होती, सगळे भाग एकमेकांना खिळलेले होते आणि कसं बांधायचं याचे नियम होते. किल्लारीतही हाच धडा दिसला. जिथे माळवद भिंतीवर न ठेवता लाकडी खांबांवर घेतलेलं होतं, त्या खणाच्या घरांत पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या तरी वरचं छत खांबांवर उभं राहिलं.

म्हणून मी म्हणतो, धरणी हलते हे निसर्गाचं काम, पण माणूस मरतो तो भिंतीखाली, आणि भिंत माणसाने बांधलेली असते. पाप-पुण्याचा हिशेब मांडला की हा प्रश्नच विचारला जात नाही. भिंत कशी होती, सिमेंट किती होतं, परवानगी कुणी दिली, हे कुणी विचारत नाही. देवाच्या मर्जीने झालं म्हटलं की ठेकेदार सुटतो, साहेब सुटतो आणि आपणही सुटतो.

किल्लारीनंतर काम झालं, तेही सांगितलं पाहिजे. नवी गावं वसली. त्याशिवाय असंख्य गावांत आहे त्याच घरांची दुरुस्ती आणि मजबुती झाली. त्यात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. घर कसं बांधायचं हे त्या शिकल्या आणि इतरांना शिकवलं. आपल्या महिला मंडळाने हे लक्षात ठेवावं. २००२ साली भूकंपाचा नकाशाही सुधारला. पहिला विभागच रद्द झाला, किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात आला. आणि त्याच नकाशात आपलं पुणेही तिसऱ्या विभागात होतं, हे ऐकून ठेवा.

"पण आपल्याकडे आता दगड-मातीची घरं कुठे आहेत, सगळं आरसीसी आहे," असं कुणी म्हणेल. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप आठवा. भुजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये नवे कोरे बहुमजली इमले कोसळले. ते आरसीसीचेच होते. बऱ्याच ठिकाणी खाली गाड्या लावायला नुसते खांब आणि वर चार मजले. खालचे खांब मोडले आणि वरचं सगळं बसलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसं मेली, तिथेही नव्या इमारती पत्त्यांसारख्या बसल्या.

आपल्या गल्लीतली घरं

आता आपल्याकडे या. गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याच्या जागेत आपण घर बांधतो. आधी चार इंची विटेची भिंत आणि वर पत्रा. चार पैसे आले की पत्रा काढून स्लॅब. मुलाचं लग्न ठरलं की वर आणखी एक खोली. भाडेकरू ठेवायचा तर त्यावर आणखी एक. पाया मात्र पहिल्या पत्र्याच्या घराचाच.

हे दुसऱ्याचं सांगत नाही. मी स्वतः असंच केलं. ओळखीच्या मिस्त्रीने सांगितलं, "दादा, कॉलमची काय गरज, भिंतच घेईल भार." मी ऐकलं. किल्लारी पाहून आलेला माणूस मी, पण पैसे वाचत होते म्हणून ऐकलं. दोन वर्षांनी भिंतीला तिरपी चीर गेली. इंजिनिअरला दाखवलं तर म्हणाला, "वरची खोली उतरवा." मनाला लागलं, पण उतरवली. त्या जागी आता पत्रा आहे. मुलगा वर्षभर नीट बोलत नव्हता.

म्हणून घर बांधताना एवढं पाहा. पाया काळ्या मातीत संपवू नका, खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जा. मऊ मातीत हादरा वाढतो. विटेच्या भिंतीला जोत्याच्या पातळीवर, दारं-खिडक्यांच्या वर आणि स्लॅबखाली अशी सळईची सलग पट्टी सगळ्या भिंतींवरून फिरवून घ्या. पेटीला लोखंडी पट्टी मारतो तशीच ही. दगडाची भिंत असेल तर ठराविक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घाला, म्हणजे दोन थर सुटणार नाहीत. कॉलम असतील तर त्यातल्या रिंगा जवळजवळ असाव्यात आणि त्यांची टोकं आत वळवलेली असावीत. मिस्त्री घाईत ती उघडी ठेवतो. काँक्रीटवर पाणी मारायचा कंटाळा करू नका. ज्यांचं घर पत्र्याचंच आहे त्यांनी पत्र्यावर ठेवलेले दगड काढा आणि पत्रा हुकांनी बांधून घ्या. तो दगड वादळातही घातक आणि भूकंपातही. झोपायच्या जागेच्या डोक्याशी लोखंडी कपाट असेल तर भिंतीला पक्कं करा. एवढ्याला काही फार पैसा लागत नाही.

धक्का बसलाच तर जिन्याकडे धावू नका. घट्ट टेबलाखाली जा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात डोक्यावर उशी घेऊन बसा. हादरे थांबले की गॅस आणि विजेचं बटण बंद करून बाहेर मोकळ्यावर या. पुन्हा धक्के बसतात, म्हणून पडझड झालेल्या घरात वस्तू आणायला परत जाऊ नका.

आणि त्या मोबाईलच्या निरोपाबद्दल. अमुक तारखेला अमुक वाजता भूकंप होणार, हे आजपर्यंत जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला सांगता येत नाही. जपानलाही नाही, अमेरिकेलाही नाही. कुठल्या भागात धोका जास्त हे सांगता येतं, वेळ सांगता येत नाही. तेव्हा वेळ सांगणारा निरोप आला की तो खोटा समजा आणि पुढे पाठवू नका. एका रात्रीपुरतं पटांगणात झोपून काय होणार? उरलेल्या सगळ्या रात्री आपण त्याच भिंतीखाली झोपतो.

विहाराच्या माडीचं

आता शेवटचं, रागावण्याचं. आपल्या विहारावर दुसरा मजला चढवून मोठं सभागृह करायचं समितीने मनात घेतलं आहे. वर्गणी सुरू झाली आहे. माझीही पावती फाटली आहे. हे सभागृह व्हावं असं मलाही वाटतं. इथे मुलांची अभ्यासिका होईल, लग्नं लागतील, वर्षावासात माणसं बसतील.

पण ही इमारत आपल्या बापजाद्यांनी श्रमदानाने बांधली. अंगावर विटा वाहिल्या, गवंडी आपल्यातलेच होते. त्यांनी ती एका मजल्यापुरती बांधली. पायात काय आहे, खांबात किती सळई आहे, याचा कागद आपल्यापैकी कुणाकडे नाही. वर दोनशे माणसं बसणार, खाली लहान मुलं शिकणार. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. जमलेल्या वर्गणीतून पहिला खर्च संगमरवरावर नको, कमानीवर नको. पहिला खर्च इमारतीची तपासणी करणाऱ्या जाणत्या इंजिनिअरवर करा. तो पाया उकरून पाहील, खांब तपासेल. तो म्हणाला वर बांधा, तर मी पहिला घमेलं उचलायला येईन. तो म्हणाला नको, तर बाजूच्या मोकळ्या जागेत नवं बांधू, दोन वर्षं उशीर होईल, होऊ दे.

काही मंडळी म्हणतील, हे तर तथागतांचं घर आहे, इथे काय होणार? मी म्हणेन, वीट-वाळूला विहार कळत नाही. किल्लारीच्या त्या आजीबाईने मला विचारलेला प्रश्न उद्या या वस्तीतल्या कुठल्या आजीला मला किंवा तुम्हाला विचारावा लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.

कुणाला घराच्या भिंतीला गेलेली चीर दाखवायची असेल तर रविवारी सकाळी मला हाक मारा. मी इंजिनिअर नाही, पण इंजिनिअरकडे घेऊन जाईन.

सर्वांना सप्रेम जयभीम! नमो बुद्धाय!